पेलेटची शेगडी बिघडली? आधी धूर बघा, मग पाना उचला

नाशिकमध्ये सातपूरच्या अशोकनगरात माझी खानावळ आहे. खानावळ म्हणजे काय, घराचीच पुढची खोली आणि मागची पडवी. सकाळी साडेदहापर्यंत तीस-पस्तीस डबे कंपन्यांच्या गेटवर पोचवायचे असतात आणि दुपारी त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयची पोरं जेवायला येतात. पोळ्या गॅसवर होतात. पण वरण, भात, उसळ, रस्सा, म्हणजे मोठ्या पातेल्यात शिजतं ते सगळं, पडवीतल्या पेलेटच्या शेगडीवर. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत ती बऱ्याचदा रुसली, पण मेकॅनिक मी एकदाच बोलावला.

त्याने शेगडी वाकडी करून पाहिली, "मावशी, सर्किट गेलंय" म्हणाला, नवं बसवलं, पैसे घेतले. दोन दिवस शेगडी झकास. तिसऱ्या दिवशी पुन्हा इतका धूर, की शेजारच्या वहिनी न बोलता दोरीवरचे कपडे काढून घेऊन गेल्या. तेव्हा समोरचे अप्पा आले. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते, आता निवृत्त. त्यांनी बटणाला हातसुद्धा लावला नाही. खाली वाकून राखेचा खण ओढला, हवेच्या वाटेत बोट घातलं आणि मूठभर राख बाहेर काढली. "सर्किटला काही झालेलं नव्हतं. शेगडीचं नाक चोंदलंय." मग दोन दिवस कशी चालली? वाकडी केली तेव्हा थोडी राख आपोआप सांडली होती, एवढंच.

तेव्हापासून दुरुस्ती मीच करते. आणि माझा अनुभव असा, की खोट बहुतेक वेळा हवेत निघते, विस्तवात नाही.

शेगडी चालते कशी

हे दोन मिनिटं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या, साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाड. त्या तापल्या की त्यांतून आधी वायू निघतो. तोच आपल्याला धूर म्हणून दिसतो. शेगडीला हवा दोन ठिकाणांहून मिळते. एक खालच्या जाळीतून, ती निखारा धगधगता ठेवते. दुसरी भांड्याच्या वरच्या काठाजवळच्या बारीक भोकांतून, ती हा धूर जाळते. (भांडं म्हणजे आतला लोखंडी डबा, ज्यात पेलेट जळतात. स्वयंपाकाच्या भांड्याशी गल्लत नको.) दोन्हीकडे हवा ढकलायचं काम एकाच पंख्याचं.

म्हणजे धूर दिसतोय याचा अर्थ वरची हवा पुरत नाहीये, किंवा पेलेट इतके ओले आहेत की आच पाणी उडवण्यातच खर्च होतेय. धूर हे जळण आहे. तुम्ही पैसे देऊन आणलेलं, आणि आभाळात चाललेलं.

धूर वाचायचा

पेटवताना पाच-सात मिनिटं पांढरा धूर येतो, त्याचं मनावर घेऊ नका. त्यानंतरही पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत राहिला तर पेलेट दमट आहेत असं समजा. काळा धूर, पिवळी आळसट ज्योत आणि पातेल्याच्या बुडाला काजळीचा थर असेल तर हवा कमी आहे, नाहीतर पेलेट एकदम जास्त टाकलेत. उलट ज्योत भांड्यापासून सुटून वर फुरफुरतेय, ठिणग्या आणि राख आमटीत पडतेय, तर हवा जास्त झाली. पंख्याचा वेग ठरवणारा रेग्युलेटर कमी करा, बाकी काही करू नका. आणि आग मागे हॉपरकडे, म्हणजे पेलेट भरतात त्या पेटीकडे, सरकायला लागली, हॉपरचा पत्रा हाताला चटका देतोय, तर हे मात्र गमतीचं नाही. हॉपरचं झाकण नीट बसत नाहीये किंवा पंखा बंद पडलाय. नवे पेलेट टाकणं थांबवा, झाकण दाबून बंद करा, आहे ते जळून जाऊ द्या. पाणी ओतू नका. तापलेल्या बिडाच्या जाळीवर पाणी पडलं की ती तडकते, आणि वाफेचा भपका तोंडावर येतो तो वेगळाच.

पेलेट तपासा, पान्याला अजून हात नाही

पोत्यातली एक कांडी घ्या आणि मोडा. चांगली कांडी कडकन मोडते. दमट कांडी वाकते, मग भुगा होते. दुसरी परीक्षा पाण्याची: ग्लासात दोन कांड्या टाका. घट्ट दाबलेली कांडी बुडते आणि काही मिनिटांत फुगून तिचा भुसा होतो. तरंगत राहिली तर ती नीट दाबलेलीच नाही. पोत्याच्या तळाचा भुगा शेगडीत ओतू नका. तो जाळीवर दबून बसतो आणि खालची हवा अडवतो. मी तो चाळणीने वेगळा काढते आणि पेटवताना चिमूटभर वापरते.

आता खंगराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी वर्षभर चुकीच्या गोष्टीला दोष देत होते. राख मऊ, करडी पडली तर ठीक. पण जाळीवर काचेसारखे काळपट खडे बसलेले दिसले, वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटेचा खंगर असतो ना तसे, तर तो पेलेटचा गुण आहे. काडीकचऱ्यात, तुसात, भुसकटात पोटॅश आणि वाळूचा अंश लाकडापेक्षा जास्त असतो. आच वाढली की हे दोन्ही मिळून वितळतात आणि गार होताना दगड होतात. इगतपुरीकडचं भाताचं तूस, सोयाबीनचं भुसकट यांचे पेलेट स्वस्त पडतात, ते मीही घेते. पण त्यांवर शेगडी सतत पूर्ण पंख्यावर चालवली तर तीन दिवसांत जाळी बुजते. मी अर्धे लाकडाच्या भुशाचे आणि अर्धे स्वस्तातले असं मिसळते, आणि पंखा पाऊणच्या वर नेत नाही. स्वस्तातलं पोतं महाग कसं पडतं ते एकदा हिशेब करून बघा: एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता असते आणि चांगल्या पेलेटमध्ये ४,००० च्या आसपास. म्हणजे एका किलो गॅसच्या जागी तसेही पावणेतीन किलो पेलेट लागतात. त्यात दमट किंवा राखाळ माल आला की सगळी बचत गेली.

पावसाळ्यात पोती जमिनीवर ठेवायची नाहीत. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागल्याची बातमी आली, की आमच्याकडे पोती पडवीतून उचलून आतल्या खोलीत लाकडी पाटावर जातात, भिंतीपासून वीतभर लांब. उघडलेल्या पोत्याचं तोंड सुतळीने बांधायचं. साधी गोष्ट आहे, पण माझं जुलैतलं निम्मं रडगाणं यानेच संपलं.

आता उघडा

शेगडी पूर्ण गार हवी. रात्री विझवलेली सकाळी उघडा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बॅटरी जोडलेली असेल तर तिची एक वायर सोडवा. तोंडाला मास्क, हातात मोजे, खाली जुनं वर्तमानपत्र. आणि मोबाइलवर प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. कुठला स्क्रू कुठला हे मला लक्षात राहील असं मला पहिल्या वेळी वाटलं होतं.

राखेचा खण काढा, जाळी उचला, आतलं भांडं बाहेर घ्या. काहींचं भांडं चार बोल्टवर असतं आणि ते गंजून घट्ट झालेले असतात. जोर लावून डोकं मोडू नका. गंज सैल करणारा स्प्रे मारून अर्धा तास चहा प्या. मग भांड्याच्या भोकांकडे बघा. माझ्या शेगडीला वरच्या ओळीत ४८ भोकं आहेत. मी मोजली आहेत, तुम्हीही तुमची मोजा. पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यातली १९ बंद होती. सायकलचा जुना स्पोक घ्या आणि एकेक भोक मोकळं करा. ड्रिल मारू नका. भोकाचा आकार वाढला की हवेचा जोर जातो आणि शेगडी पुन्हा धुरकटते. भोकं मोठी केली म्हणजे हवा जास्त येईल असं वाटतं, पण होतं उलटंच. जाळीवरचा खंगर जुन्या स्क्रूड्रायव्हरने टोचून काढा, हातोडी नको. शेवटी भांडं आणि बाहेरची भिंत यांच्यामधली पोकळी, म्हणजे हवेची खरी वाट. तिथे बारीक राख साठते आणि बाहेरून दिसत नाही. रंगाचा जुना ब्रश आणि बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा ब्रश, दोन्ही लागतात.

एवढं करून जोडलं तरी निम्म्या शेगड्या ताळ्यावर येतात.

पंखा

माझा पंखा १२ व्होल्टचा, चौकोनी, १२० मिलिमीटरचा आहे. अडॅप्टरवर चालतो आणि लाइट गेली की जुन्या बॅटरीवर. पंखा फिरत नसेल तर आधी बोटाने पाती फिरवून बघा. खरखर लागली, अडखळली, तर बुश, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, सुकलंय. मागचं स्टिकर हलकेच सोलायचं, खाली रबराचं बूच असलं तर काढायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकायचा, स्टिकर परत. एकच थेंब. आणि घरात आहे म्हणून खोबरेल टाकू नका. नाशिकच्या थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं, ते बुशात काय वेगळं वागणार? गोडं तेल तर चिकटून गोंदच होतं.

पाती मोकळी फिरतात पण वीज दिल्यावर फिरत नाहीत, तर मल्टिमीटर. महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा मिळतो, तेवढा पुरतो. वापरायला मला आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोराने शिकवलं, एका ज्यादा भाकरीच्या बदल्यात. चकती डीसी २० व्होल्टवर ठेवा, अडॅप्टरच्या टोकांना तारा लावा. १२ च्या आसपास आकडा यायला हवा. पण इथेच मी फसले होते. पंखा न जोडता मोजलं तर मरायला टेकलेला अडॅप्टरही १२ दाखवतो. पंखा जोडून, ओझं देऊन मोजा. आकडा ७-८ वर घसरला तर अडॅप्टर बदला. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, आणि अँपियर जुन्याइतके किंवा जास्त. आकडा ठीक असेल तर रेग्युलेटर वगळून पंखा सरळ बॅटरीला लावून बघा, लाल तार अधिकला, काळी उण्याला. फिरला, म्हणजे दोष रेग्युलेटरचा किंवा मधल्या वायरचा. नाही फिरला, म्हणजे पंखा गेला. एवढ्यावरून बहुतेक वेळा उत्तर सापडतं. सर्किट, सर्किट म्हणून घाबरवतात ते याच तीन तुकड्यांना.

नवा पंखा बसवताना त्याच्या कडेवर दोन बाण कोरलेले असतात. एक पाती कुठल्या दिशेने फिरतात तो, दुसरा हवा कुठे जाते तो. दुसऱ्या बाणाचं टोक शेगडीच्या पोटाकडे हवं. मी पहिला पंखा उलटा बसवला. हवा आत ढकलायच्या ऐवजी त्याने भांड्यातला गरम धूर स्वतःच्या तोंडात ओढला आणि पंधरा मिनिटांत पाती कुरडईसारखी वाकडी झाली. अप्पा हसले नाहीत, पण त्यांनी ती पाती घरी नेऊन सगळ्यांना दाखवली.

ज्यांचा ब्लोअर २३० व्होल्टवर चालतो त्यांच्यासाठी एक खूण: नुसता घुमतो, सुरू होत नाही, पण प्लग लावण्याआधी पाती हाताने गरगर फिरवली की घेतो, तर कपॅसिटर अशक्त झालाय. छताच्या पंख्याला होतं तेच. त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा पाहून तस्साच आणा. जुना हाताळताना जपून, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. बेअरिंग वाजत असेल तर त्याचा नंबर कडेवर कोरलेला असतो. ६०८ असेल तर आतून ८, बाहेरून २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. नंबर सांगितला की हार्डवेअरवाला डोळे झाकून देतो. २३० व्होल्टच्या वायरिंगला मात्र हात लावायची सवय नसेल तर लावू नका, वायरमन बोलवा. यात कमीपणा नाही.

हॉपरमधून स्क्रूने पेलेट ढकलणारी शेगडी माझ्याकडे नाही; गल्लीतल्या फरसाणवाल्याकडे आहे. तिचा स्क्रू अडकतो तो बहुधा भुग्याने किंवा पोत्यातून आलेल्या सुतळीने. प्लग काढून हॉपर पूर्ण रिकामा करायचा आणि स्क्रू हाताने उलटा फिरवून मोकळा करायचा. अडकलेला असताना मोटर पुन्हापुन्हा सुरू करून पाहिली तर गिअरचे दात जातात, आणि ते त्याचे गेलेच.

गळती शोधायला उदबत्ती

पंखा धडधडीत, भोकं मोकळी, पेलेट कोरडे, तरी ज्योत मरगळलेली. मग हवा वाटेतच गळतेय. शेगडी गार असताना नुसता पंखा चालू करा आणि उदबत्ती पेटवून प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवा: राखेच्या खणाची कड, पंख्याची बैठक, हॉपरचं झाकण. धुराची रेघ जिथे एकदम फुटेल तिथे गळती. हॉपर या परीक्षेपुरता रिकामा ठेवा, विस्तवाचं टोक आणि भुगा एकत्र नको.

झाकणाच्या आणि खणाच्या कडेला आग सोसणारी पांढरी दोरी असते, काचतंतूची किंवा सिरॅमिकची. ती चपटी, कडक झाली की हवा सोडते. खाचेची रुंदी मोजून तेवढ्याच जाडीची आणा. सातपूर-अंबडच्या हार्डवेअरच्या दुकानांत मीटरवर मिळते. जुनी खरवडा, खाच साफ करा, आग सोसणाऱ्या सिमेंटने नवी चिकटवा, न ताणता. ताणून बसवली तर ती आखडते आणि सांध्यात फट राहते. रात्रभर सुकू द्या. ही दोरी कापताना मोजे आणि मास्क हवाच, तिचे तंतू घशात आणि कातडीत जातात. कोणी जुन्या साठ्यातली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी स्वस्तात दिली तर घेऊ नका. तो तंतू फुप्फुसात कायमचा बसतो आणि कर्करोग करतो. लाल सिलिकॉन पंख्याच्या बैठकीला चालतं, भांड्याजवळ नाही, तिथली आच त्याला झेपत नाही. भांड्याच्या मातीच्या अस्तराला बारीक चीर असेल तर मी चिकणमातीत चाळलेली राख मळून भरते. आठ-पंधरा दिवस टिकते. माझ्या आजीने चुलीला केलं असतं तेच. कायमचं करायचं तर फायर क्ले, म्हणजे आग सोसणारी माती, आणा.

हे टाळायचं नाही

दार-खिडकी उघडी असेल तिथेच शेगडी चालवा. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या, की पोरं "मावशी, शेगडी आत घ्या ना, ऊब येईल" म्हणतात. नाही म्हणजे नाही. अर्धवट जळलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं तर आधी मोकळ्या हवेत या, मग विचार करा.

राख पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. दिसायला विझलेल्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. प्लास्टिकच्या बादलीत टाकून मी एक बादली गमावली आहे. आणि स्वयंपाक झाला की पंखा लगेच बंद करू नका. भांडं लाल असताना हवा थांबली तर उष्णता मागे पंख्याकडे जाते. पेलेट संपल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं चालू द्या.

जोडून झाल्यावर पहिला विस्तव रिकामा, पातेलं न ठेवता. नव्या सिमेंटचा वास येईल, येऊ द्या. मग माझी परीक्षा: १० लिटर पाणी, झाकण ठेवून, पंखा पाऊण. शेगडी तब्येतीत असली की २० ते २२ मिनिटांत उकळी फुटते. दर सोमवारी हा आकडा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिते. २५ च्या पुढे गेला की त्या रात्री भांडं काढून भोकं मोकळी करायची. कालच्या सोमवारी २६ लागली, म्हणून स्पोक शोधून ठेवलाय. पोरांनी परत जागेवर ठेवला नव्हता.